रिकिबींतला पाय

शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या संबंधावर कथा रचण्याचा मोह नाटककारांस, कादंबरीकारांस आणि अलीकडे चित्रपटकर्त्यांस वारंवार होत आला आहे. आणि त्यांत नवल करण्यासारखें कांहीं नाहीं. चार भिंतींच्या आंत एक वयस्क मनुष्य व एक अल्पवयी मनुष्य समोरासमोर बसतात. एकाजवळ विद्या असते, पण पुढचे दिवस मोजके उरलेले असतात; दुसऱ्याजवळ सारें आयुष्य असतें, पण त्याचें काय करावयाचें हें त्यास ठाऊक नसतें. एकास सांगावयाचें असतें आणि दुसऱ्यास तें बहुधा ऐकावयाचें नसतें. एवढ्या सामग्रीवर नाट्य उभें राहिलें नाहीं तरच आश्चर्य. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर या जोडीनें बड्या चित्रसंस्थांचा आश्रय न घेतां जे चित्रपट काढले, त्यांपैकीं २००२ सालचा 'दहावी फ' हा याच जातीचा होय. गुणांच्या तराजूनें मुलांच्या तुकड्या पाडणारी एक शाळा, त्या तराजूंत सर्वांत हलकी ठरलेली शेवटची तुकडी, अपमानानें पेटून शाळेच्याच प्रयोगशाळेची नासधूस करणारीं मुलें, आणि त्यांस गुन्हेगार म्हणावयास तयार नसलेला एक मास्तर, अशी त्याची मांडणी आहे. अतुल कुलकर्णी यांनीं रंगविलेला तो मास्तर पाहून अनेकांस आपल्या शाळेंतील एकादा मास्तर आठवला असेल, आणि त्याहून अधिकांस तसा मास्तर आपणांस कां लाभला नाहीं याची हळहळ वाटली असेल.

अशा चित्रपटाचा प्रेक्षक घरीं परततो तेव्हां त्याच्या मनांत एक ग्रह दृढ झालेला असतो. तो असा कीं, अस्वस्थ असतो तो विद्यार्थी, आणि त्यास स्थिर करतो तो शिक्षक. पडद्यावर दोन-अडीच तासांत ही गोष्ट शोभून दिसते. परंतु इतिहास पाहूं गेल्यास शिक्षकाची अस्वस्थता विद्यार्थ्याच्या अस्वस्थतेहून कमी नाहीं, इतकेंच नव्हे, तर पुष्कळदां तीच अधिक खोल असल्याचें आढळून येतें. विद्यार्थ्याला एकच प्रश्न असतो: मीं काय करावें? शिक्षकाला दोन असतात: मीं काय करावें, आणि माझ्या करण्याचा भार या मुलानें किती वाहावा? या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास ज्यास पाहावयाचा असेल, त्यानें दूर जाण्याचें कारण नाहीं. बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई या एका गांवांत तो निदान आठशें वर्षांचा सांपडतो.

बालाघाटच्या पठारावर जयंती नदीच्या कांठीं वसलेलें हें गांव. योगेश्वरी ही तेथील देवी. ती कोंकणांतील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी असल्यामुळें सह्याद्रीपलीकडचीं माणसें पिढ्यान् पिढ्या घांट चढून व अर्धा महाराष्ट्र तुडवून तिच्या दर्शनास येत आलीं आहेत. यादवांच्या राज्यांत सिंघणाचा सेनापति खोलेश्वर याचा येथें मोठा अंमल होता. शके ११५० चा, म्हणजे इ. स. १२२८ चा, येथील शिलालेख त्याची साक्ष देतो. पुढें निजामाच्या राज्यांत गांवाचें नांव मोमिनाबाद झालें आणि हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी येथें पडली. देवीचें क्षेत्र, यादवांचें ठाणें आणि निजामाची छावणी, अशीं तीन स्थित्यंतरें पाहिलेल्या या गांवांत विद्येची परंपरा मात्र तुटली नाहीं.

या परंपरेच्या मुळाशीं मुकुंदराजाचें नांव घेतलें जातें. गांवाबाहेरच्या दरींत त्याची समाधि दाखवितात. त्याचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ मराठींतील आद्य काव्यग्रंथ म्हणून बहुतेकांस शाळेंत शिकविलेला असतो, आणि त्याचा काळ ग्रंथांत उल्लेखिलेल्या शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा, मानण्याची वहिवाट आहे. या विषयीं पंडितांत एकमत नाहीं, हें येथें नमूद केलें पाहिजे. उपलब्ध प्रतींची भाषा १२९० सालच्या ज्ञानेश्वरीहून पुष्कळ अर्वाचीन वाटते, म्हणून शकाचा उल्लेख मागाहून घातला गेला असावा असें कित्येकांचें म्हणणें आहे. ग्रंथांतील स्थलवर्णनांत वैनगंगेचा निर्देश येत असल्यामुळें मुकुंदराजाचें गांव हें अंबाजोगाई नसून विदर्भांतील आंभोरें होय, असाही पक्ष आहे. ज्या जैत्रपाळ राजासाठीं ग्रंथ झाला, तो यादवांपैकीं जैतुगी असें मानावें, तर ग्रंथांत त्यास बल्लाळाचा पुत्र व नृसिंहाचा नातू म्हटलें आहे, आणि यादव जैतुगीचा पिता तर भिल्लम होता. तेव्हां हा जैत्रपाळ कोणी लहानसा मांडलिक असावा असें मानणें अधिक सयुक्तिक दिसतें.

परंतु आमच्या विषयास या वादांपेक्षां परंपरेनें सांगितली जाणारी ती कथा महत्त्वाची आहे. जैत्रपाळ राजास ब्रह्म पाहावयाचें होतें, पण त्यासाठीं वेळ द्यावयाचा नव्हता. एक पाय रिकिबींत घातल्यापासून दुसरा पाय घोड्यावरून पलीकडे जाईपर्यंत जो अवधि लागतो, तेवढ्यांत मला ब्रह्म दाखवा, असा त्याचा साधुसंतांस हुकूम असे. ज्यास तें साधत नसे, त्याची रवानगी कैदेंत होई आणि तेथें त्यास मजुरीस जुंपण्यांत येई. असे किती साधु खितपत पडले होते याची गणती कथा देत नाहीं. शेवटीं मुकुंदराज येतो, प्रथम त्या बंदिवानांची सुटका करवितो, आणि मग राजास घोड्याजवळ बोलावितो. राजा रिकिबींत पाय ठेवतो, आणि तेवढ्या एका क्षणांत, मुकुंदराजाच्या कृपेनें, त्याची समाधि लागते. जमिनीवरचा पाय उचललेला नाहीं आणि घोड्यावर मांड बसलेली नाहीं, अशा त्या अधांतरीं अवस्थेंत राजास जें कळलें, त्याचा विस्तार म्हणजे 'विवेकसिंधु'.

ही कथा चमत्काराची म्हणून भाविक ऐकतात आणि चमत्काराची म्हणूनच सुधारक ती सोडून देतात. आमच्या मतें दोघेही तिच्यांतील मर्म हुकवितात. मर्म हें आहे कीं, येथें विद्यार्थी हा सत्ताधारी आहे आणि शिक्षक हे त्याचे कैदी आहेत. विद्येची तहान त्या राजास खरोखरच होती, पण त्या तहानेनें तो क्रूर झाला होता. आपल्या अस्वस्थतेचें बिल त्यानें शिकविणाऱ्यांच्या नांवें फाडलें. मुकुंदराजाचें मोठेपण त्याच्या कृपेंत असेल तेवढें असो. पण आधीं बंदिवान सोडविण्यांत तें निश्चित आहे. जो विद्यार्थी दुसऱ्यास बांधून ठेवून स्वतः मुक्त होऊं पाहतो, त्यास विद्या मिळूं शकत नाहीं, हा पहिला पाठ झाल्याखेरीज दुसरा पाठ त्यानें सुरूच केला नाहीं. आणि दुसरी गोष्ट अशी कीं, ग्रंथ हा त्या क्षणानंतरचा आहे. एका क्षणांत दिसलेलें समजून घेण्यास पुढें सबंध ग्रंथ लागला. घाईनें शिकूं पाहणाऱ्यांस याहून सौम्य उत्तर कोणीं दिलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

मुकुंदराजानंतर अंबाजोगाईचें दुसरें मोठें नांव दासोपंतांचें. १५५१ सालीं जन्मलेले आणि १६१५ सालीं समाधिस्थ झालेले हे कवि मराठी वाङ्मयांत आपल्या विस्तारामुळें अद्वितीय ठरले आहेत. त्यांच्या एकट्या 'गीतार्णवा'ची ओवीसंख्या सवा लाख सांगतात. दासोपंतांचें चरित्र ज्या प्रकारें सांगितलें जातें त्यांत एक दुखरा धागा आहे. वडिलांकडून सरकारसारा वेळेवर पोंचला नाहीं म्हणून बेदरच्या दरबारांत या मुलास ओलीस ठेवण्यांत आलें होतें, आणि दत्तात्रेयानेंच कोणा सेवकाचें रूप घेऊन तो पैसा भरला व त्यास सोडविलें, अशी आख्यायिका आहे. कर्जाच्या पायीं तारण राहिलेलें मूल पुढें घर सोडतें, दत्तात्रेयास गुरु मानतें, आणि लिहूं लागतें. त्यांची 'पासोडी' अंबाजोगाईस आजही जतन केलेली आहे. सुमारें चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनीं पंचीकरणाचा विषय ओव्यांनीं व आकृत्यांनीं मांडून ठेवला आहे. तत्त्वज्ञानाचा अभ्यासक तींत पंचमहाभूतांचा हिशेब पाहील. आम्हांस तींत वर्गांतला फळा दिसतो. ज्या काळीं पोथी ही एकानें मांडीवर घेऊन वाचावयाची वस्तु होती, त्या काळीं अनेकांनीं एकदम पाहावें म्हणून सबंध विषय कापडावर पसरून ठेवणें ही शिक्षकाची बुद्धि होय. जें मूल एकदां तारण राहिलें होतें, त्यानें विद्या कोणाकडेही तारण राहूं नये अशी तजवीज केली, असें म्हटल्यास तें केवळ अलंकारिक होणार नाहीं.

आतां आपण एकदम विसाव्या शतकांत येऊं. ३ ऑक्टोबर १९०३ रोजीं विजापूर जिल्ह्यांतील सिंदगी येथें व्यंकटेश भवानराव खेडगीकर यांचा जन्म झाला. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळक निवर्तले, तेव्हां हा मुलगा सोलापुरास शिकत होता आणि त्याचें वय सतरा वर्षांचेंही नव्हतें. त्या दिवसांतच त्यानें अविवाहित राहून देशसेवा करण्याचा संकल्प केला. असहकारितेंत सरकारी शाळा सुटली; पुढील शिक्षण राष्ट्रीय संस्थांतून झालें; कांहीं काळ ना. म. जोशी यांच्या हाताखालीं कामगार चळवळींत गेला. आणि अखेर हा तरुण हिप्परगा येथें मास्तर होऊन आला. आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील या खेड्यांत १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली होती. तेथेंच १९३२ सालीं त्यांनीं संन्यास घेतला आणि व्यंकटेश खेडगीकर हे स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ च्या सुमारास ते बाबासाहेब परांजपे इत्यादि सहकाऱ्यांसह अंबाजोगाईस आले आणि योगेश्वरी नूतन विद्यालयाचे मुख्याध्यापक या नात्यानें तेथें राहिले.

संन्याशानें मुख्याध्यापक व्हावें यांत प्रथमदर्शनीं कांहीं विसंगति वाटते. संन्यासी म्हणजे ज्यानें आपलें नांव, घर व संबंध टाकले तो. आणि मुख्याध्यापक म्हणजे ज्यास शेंकडों मुलांचीं नांवें, घरें व संबंध रोज हजेरीपटावर लिहून ठेवावयाचे असतात तो. परंतु त्या काळच्या हैदराबाद संस्थानांत या दोन भूमिकांचा संयोग सहज झाला, याचें कारण त्या राज्याची शिक्षणव्यवस्था होय. मराठवाड्यांतील बहुसंख्य प्रजा मराठी बोलणारी; राज्याची दरबारी भाषा उर्दू; आणि वरच्या वर्गांतील शिक्षणाचें माध्यमही उर्दूच. उस्मानिया विद्यापीठाचें फर्मान १९१७ सालीं निघालें, आणि एका देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग त्या दृष्टीनें खरोखर धाडसाचा होता, हें न्यायबुद्धीनें मान्य केलें पाहिजे. परंतु ज्या मुलाच्या घरीं ती देशी भाषा कोणीच बोलत नव्हतें, त्याच्या दृष्टीनें ती परकीच होती. खासगी शाळा काढावयाची तर सरकारी परवाना पाहिजे. सभा भरवावयाची तर परवाना पाहिजे, आणि हा सभाबंदीचा हुकूम 'गश्ती निशाण त्रेपन्न' या नांवानें लोकांच्या तोंडीं बसलेला होता. जेथें सभा भरवितां येत नाहीं, तेथें शाळेचा वर्ग हीच एक सभा उरते, आणि मास्तर हाच वक्ता होतो. मराठवाड्यांतील राजकीय जागृति शाळांतून कां झाली, या प्रश्नाचें उत्तर एवढेंच आहे.

पण याच ठिकाणीं शिक्षकाचा तो दुसरा प्रश्न उभा राहतो. हिप्परग्याच्या शाळेची गोष्ट निराळी होती. राष्ट्रीय शाळा या कल्पनेंतच सरकारी परीक्षेकडे व सरकारी नोकरीकडे पाठ फिरविण्याचा निर्धार होता. तेथें मूल पाठविणाऱ्या बापानें तो सौदा डोळे उघडे ठेवून केलेला असे. अंबाजोगाईच्या विद्यालयांत मुलें घालणाऱ्या पालकांची अपेक्षा साधी होती. मुलानें शिकावें, परीक्षा द्यावी, चार पैसे मिळवावे. कोणाचें वतन निजाम सरकारच्या दप्तरांत, कोणाची नोकरी त्याच सरकारच्या तिजोरीवर, कोणाची शेती त्याच सरकारच्या साऱ्याखालीं. अशा घरांतून आलेल्या मुलासमोर उभें राहून मास्तरानें काय बोलावें? देशाची स्थिति लपवून ठेवावी, तर शिकविणें खोटें होतें. ती उघड करून दाखवावी, तर मूल आज ना उद्यां पेटून उठणार, आणि त्याची झळ त्याच्या घरास लागणार. मास्तरास संसार नाहीं, म्हणून त्यास गमावण्यासारखें कांहीं नाहीं. मुलास मात्र आहे. संन्यस्त शिक्षकाचें जें बळ, तेंच त्याचें संकट. त्याचा त्याग पाहून मुलें त्याच्यामागें येतात, आणि त्या त्यागाची किंमत मात्र सर्वांस सारखी पडत नाहीं.

हा प्रश्न १९३८ सालीं तोंडाशीं येऊन ठेपला. हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वींच सप्टेंबरांत तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरांत सत्याग्रहास आरंभ झाला. स्वामीजींनीं विद्यालय सोडलें, हैदराबादेस जाऊन सत्याग्रह केला आणि तुरुंग पत्करला. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. वर्गांतील मुलांची तुकडी पुढें करून मास्तर मागें राहिला, असें झालें नाहीं. मास्तर स्वतः पुढें गेला. याच सुमारास, त्या वर्षाच्या हिंवाळ्यांत, औरंगाबादचें इंटरमीजिएट कॉलेज व हैदराबादचें उस्मानिया विद्यापीठ येथील वसतिगृहांत विद्यार्थ्यांनीं प्रार्थनेच्या वेळीं 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला. अधिकाऱ्यांनीं मनाई केली, विद्यार्थ्यांनीं ती मोडली, आणि शेंकडों विद्यार्थी काढून टाकले गेले. नागपूर विद्यापीठानें त्यांस आश्रय दिला म्हणून अनेकांचें शिक्षण वांचलें. पुढें १९९१ सालीं भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या नागपुरास गेलेल्या विद्यार्थ्यांपैकीं एक. ते स्वामीजींच्या वर्गांत बसलेले विद्यार्थी नव्हेत. पण स्वामीजींस ते गुरुस्थानीं मानीत. मातृभाषा तेलुगू असलेल्या या शिष्यानें हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी तेलुगूंत नेली, ही गोष्ट आम्हां मराठी वाचकांस विसरतां येण्यासारखी नाहीं.

नागपूरची वाट सर्वांस मोकळी होती असें मात्र समजूं नये. परमुलखांत राहण्याचा खर्च ज्याच्या घरास झेपला त्याचें वर्ष वांचलें. ज्याच्या घरास झेपला नसेल, त्याचें शिक्षण तेथेंच थांबलें असेल. चळवळींचा इतिहास लिहितांना आपण जे पुढें नांवारूपास आले त्यांची यादी देतों, आणि तिच्या आधारानें सारा हिशेब फायद्याचा दाखवितों. शाळामास्तराच्या हिशेबाची वही निराळी असते. त्या वहींत प्रत्येक नांव एकेकटें असतें, आणि एकाच्या कर्तृत्वानें दुसऱ्याचें नुकसान भरून निघत नाहीं.

स्टेट काँग्रेसचा तो सत्याग्रह १९३८ च्या डिसेंबरांत थांबविण्यांत आला. तिच्यावरील बंदी उठण्यास १९४६ साल उजाडलें. १९४७ सालीं निजामानें स्वतंत्र राहण्याचा बेत जाहीर केल्यावर लढा पुन्हां पेटला. ७ ऑगस्टपासून भारतांत सामील होण्याची चळवळ सुरू झाली, आणि १५ ऑगस्टला देश स्वातंत्र्याचा उत्सव करीत असतां स्वामीजींस अटक झाली. या वेळीं मराठवाड्यांतील पुष्कळ विद्यार्थ्यांनीं शाळा व कॉलेजें सोडलीं; कोणी तुरुंगांत गेले, कोणी सरहद्दीवरील छावण्यांत दाखल झाले. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. अंबाजोगाईचा हा माजी मुख्याध्यापक कारागृहांतून बाहेर आला तो एका मोकळ्या मुलखांत. पुढें दोन वेळां लोकसभेंत बसून आणि अनेक शिक्षणसंस्थांच्या उभारणींत हात घालून २२ जानेवारी १९७२ रोजीं ते निवर्तले. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयास आणि १९९४ सालीं नांदेडास स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचें नांव आहे.

याच प्रश्नाशीं झुंजलेला दुसरा एक मराठी मास्तर वाचकांच्या सहज मनांत येईल. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत १९२४ पासून शिकविणाऱ्या साने गुरुजींनीं १९३० सालीं शाळा सोडून कायदेभंगांत उडी घेतली. 'श्यामची आई' हें पुस्तक १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें गेलें, आणि आचार्य अत्रे यांनीं त्यावरून काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. वर्ग सोडलेला मास्तर तुरुंगांत बसून सबंध महाराष्ट्राच्या मुलांस वर्ग भरवितो, हा योग दुर्मिळ होय. पण अंमळनेरच्या त्या वसतिगृहांतल्या मुलांस, ज्यांच्या अंथरुणाच्या घड्या गुरुजी घालीत असत, त्यांस पुस्तक हें गुरुजींच्या जागीं पुरलें असेल काय? ज्या मास्तरावर मुलांनीं खरेंच प्रेम केलें, त्याचें जाणें कितीही उदात्त कारणासाठीं असलें तरी मागें एक रिकामी खुर्ची राहते.

मग अशा शिक्षकांनीं केलें तें योग्य कीं अयोग्य? आम्हांस असें वाटतें कीं, शिक्षकास आपल्या ध्येयाकडे विद्यार्थ्यास ओढण्याचा अधिकार उपजत नसतो. तो कमवावा लागतो, आणि तो कमविण्याची एकच रीत आहे. मुलास जी किंमत द्यावी लागण्याचा संभव आहे, ती आपण आधीं व अधिक दिली पाहिजे. स्वामीजींनीं व साने गुरुजींनीं ती दिली, म्हणून त्यांच्याविषयींची कृतज्ञता पिढ्या उलटल्या तरी ओसरत नाहीं. ज्यांनीं स्वतः खुर्चीवर बसून मुलांस रस्त्यावर उतरविलें, अशांची संख्याही आपल्या इतिहासांत कमी नाहीं. त्यांस पुढारी म्हणतां येईल, गुरु म्हणतां येणार नाहीं. जैत्रपाळानें आपल्या तृष्णेसाठीं साधूंस कोंडलें. असे शिक्षक आपल्या तृष्णेसाठीं मुलांस कोंडतात. जबरदस्ती दोन्हीकडे सारखीच. फक्त चाबूक एका हातांतून दुसऱ्या हातांत गेला एवढेंच.

येथवर पाहिलेल्या दोन्ही प्रसंगांत गुरु किंवा शिष्य यांपैकीं एकाच्या हातीं तरी सत्ता होती. जैत्रपाळ राजा होता. स्वामीजींजवळ राज्य नव्हतें, पण राज्यास हादरविणारें नैतिक बळ होतें. बीड जिल्ह्यांत आज जो प्रसंग दरवर्षीं घडतो, त्यांत सत्ता दोघांच्याही हातीं नाहीं, म्हणून तो अधिक करुण आहे. दसरा-दिवाळी झाली म्हणजे या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठीं माणसें लाखोंच्या संख्येनें बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते, आणि ती फिटावयाची तर पश्चिम महाराष्ट्रांतील वा कर्नाटकांतील एकाद्या कारखान्याच्या फडांत नवरा-बायकोनें मिळून चैत्रापर्यंत राबलें पाहिजे. दोघांच्या त्या जोडीस 'कोयता' म्हणतात; ज्या भाषेंत माणसाचें नांव हत्यारावरून पडतें, तेथें त्या माणसाचा भाव काय असेल हें वेगळें सांगावयास नको. आईबापांबरोबर मूलही जातें. धाकट्या भावंडास सांभाळणें, वाढीं गोळा करणें, पाणी भरणें, हें त्याच्या वांट्यास येतें. शाळेचें वर्ष अर्धें झालेलें असतें, आणि हजेरीपटावरच्या नांवापुढें रिकामे चौकोन पडूं लागतात. मुलीची स्थिति याहून बिकट. तिला गांवीं एकटी ठेवण्यास आईबाप भितात. बरोबर नेण्यासही भितात. आणि लग्न लावून दिलें म्हणजे काळजी मिटते व एक नवा कोयताही तयार होतो, या हिशेबापुढें मास्तरीणबाईंचें सांगणें थिटें पडतें.

यावर उपाय झालेच नाहींत असें म्हणणें अन्यायाचें होईल. कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा निघाल्या. मुलें गांवींच राहावीं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. २००९ च्या कायद्यानें शिक्षण हा मुलाचा हक्क ठरला. आणि २०२१ सालीं ऊसतोड कामगारांच्या मुलांमुलींसाठीं संत भगवानबाबांच्या नांवानें शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर झाली. परंतु योजना कागदावरून गांवांत उतरते ती कोणा एका मास्तराच्या पायांनीं. दिवाळीच्या सुटींत वस्तीवर घरोघर जाऊन, मुलास आजीपाशीं ठेवा, दोन वेळच्या जेवणाची सोय होईल, असें विनविणारा तोच असतो. कोणी ऐकतात, कोणी ऐकत नाहींत. न ऐकणाऱ्या बापाचेंही चुकत असतें असें नाहीं. त्याच्या डोक्यावरची उचल मास्तर फेडणार नसतो. दासोपंतांचे वडील साऱ्यासाठीं मूल ओलीस ठेवून गेले होते. या बापास उचलीसाठीं तेंच करावें लागतें, आणि तें मूल सोडविण्यास कोणी दत्तात्रेय सेवकाच्या रूपानें येत नाहीं. येतो तो मास्तर, आणि त्याच्या हातांत पैशाची थैली नसून फक्त हजेरीपट असतो.

वर ज्या चित्रपटाचा निर्देश केला, त्यांतील मास्तरास निदान आपलीं मुलें वर्गांत सांपडतात. तीं रागावलेलीं असतील, पण समोर असतात. बीडच्या मास्तराचें नाट्य विद्यार्थी समोर नसण्याचें आहे. उद्यां कोणी गुणी दिग्दर्शक या विषयाकडे वळला, तर त्यानें मास्तरास फार मोठा करूं नये आणि मुलास फार बिचारें करूं नये, एवढीच आमची सूचना आहे. स्वामीजींच्या काळीं अन्यायास एक नांव होतें, एक सिंहासन होतें, आणि म्हणून मास्तरास कोणाविरुद्ध उभें राहावयाचें हें कळत होतें. आजच्या मास्तरास तसें सिंहासन दिसत नाहीं. दिसतो तो पाऊस, उचल, मुकादम आणि कारखाना यांचा एक फेरा, ज्यांत प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. अशा वेळीं शाळा सोडून लढ्यांत जाणें हें धैर्य नसून शाळेंत टिकून राहणें हेंच धैर्य होय, असें आम्हांस नम्रपणें वाटतें. काळ पालटला म्हणजे धर्मही पालटतो. १९३८ सालीं मास्तरानें वर्ग सोडणें हा धर्म होता. आज ऑक्टोबर उजाडला कीं वर्ग धरून ठेवणें हा धर्म आहे.

जैत्रपाळाची ती कथा या दृष्टीनें पुन्हां वाचण्यासारखी आहे. शिकण्याचा म्हणून जो अवधि माणसास मिळतो तो फार थोडा असतो. एक पाय जमिनीवर व एक पाय रिकिबींत, एवढाच तो असतो. राजास तो अवधि स्वतःच्या लहरीनें तोकडा करून घ्यावयाचा होता. ऊसतोड्याच्या मुलास तो परिस्थितीनें तोकडा मिळालेला आहे. त्याचा एक पाय शाळेच्या पायरीवर असतो आणि दुसरा बैलगाडीच्या किंवा ट्रकच्या फळीवर ठेवलेला असतो. तेवढ्या वेळांत त्यास अक्षर दाखविणें, आणि दाखविलेलें समजावें म्हणून त्याचा तो दुसरा पाय चार महिने खालीं ठेवावयास लावणें, हें काम कोणाच्या कृपेनें होणारें नाहीं. मुकुंदराजानें आधीं बंदिवान सोडविले आणि मग शिकविलें. हा क्रम ज्या समाजास उमगेल, त्याच्या मास्तरांस चमत्कार करून दाखविण्याची गरज पडणार नाहीं.